बाटलीत दूध कमी दिसते, म्हणजे ते आटले का?

प्रश्न : माझे बाळ पाच महिन्यांचे आहे आणि मी नुकतीच पुन्हा कामावर रुजू झाले. सुरुवातीला पंपाने एका वेळी शंभर मिलिलिटरच्या आसपास दूध निघत असे, आता जेमतेम साठ निघते. बैठकांमुळे दुपारची वेळ अनेकदा हुकते. घरी मात्र बाळ अंगावर समाधानाने पिते. वरचे दूध सुरू करावे का? काढलेले दूध किती वेळ टिकते?

उत्तर : पंपातून किती दूध निघाले यावरून अंगावर किती दूध येते हे ठरवू नये, कारण बाळ जितके ओढून घेते तितके पंपाला सहसा जमत नाही आणि घाईत किंवा ताणात असताना पान्हाही लवकर फुटत नाही. बाळाचे वजन नीट वाढत असेल आणि लघवी नेहमीसारखी होत असेल, तर केवळ साठ मिलिलिटर पाहून वरचे दूध सुरू करण्याचे कारण मला दिसत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

माझ्या मते खरी अडचण हुकणाऱ्या दुपारची आहे. स्तनात दूध साचून राहिले की शरीर निर्मिती कमी करते, म्हणून साधारण दर तीन तासांनी दूध काढावे आणि पुरता वेळ नसेल तेव्हा वेळ चुकवण्यापेक्षा दहाच मिनिटे काढावे, शेवटी हलक्या हाताने दाबूनही थोडे निघते. पंपही तपासावा. त्यातील पातळ रबरी झडप सैल पडली की ओढ मंदावते, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही! स्तनावर बसणाऱ्या नळकांड्यात स्तनाग्र घासत असेल किंवा दुखत असेल, तर त्याचे माप बदलावे.

ताजे दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या थंड पिशवीत एक दिवस, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे सहा महिने चांगले राहते. थंड दुधावर सायीसारखा थर दिसला तरी ते नासलेले नसते, बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखे तापत नाही आणि बाळाचे तोंड पोळू शकते, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवावी. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. यासाठीच साठवण साठ-साठ मिलिलिटरची करावी, म्हणजे इतक्या कष्टाने काढलेले दूध वाया जात नाही.

स्तनात गाठ लागली, त्वचा लाल झाली किंवा ताप आला, तर दूध काढणे थांबवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.