दहापैकी सहा गुण आले म्हणून घाबरू नका

तुमची पोस्ट वाचली: आधी डिप्रेशन, मग बायपोलर (मूड खूप चढण्या-खचण्याचा आजार), आणि आता तिसऱ्या डॉक्टरांनी कॉम्प्लेक्स पीटीएसडी (जुन्या आघातांमुळे होणारा मानसिक आजार) म्हटलं. त्यात तुम्ही बालपणीच्या वाईट अनुभवांची ती प्रश्नावली सोडवली आणि दहापैकी सहा आले (जितके वाईट अनुभव, तितके गुण). आई मात्र असं काही झालंच नाही म्हणते. यातलं खरं कुठलं, आणि सगळं लहानपणामुळेच का, असं विचारलंयत. मी डॉक्टर नाही. पेशंट म्हणून सतरा वर्षं काढलीत, त्यातली पहिली नऊ चुकीच्या निदानाखाली.

आधी ते सहा गुण डोक्यातून काढा. व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर १९८५ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगोला कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत लठ्ठपणावर उपचार करायचे. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तेच लोक मध्येच यायचे बंद होत. खोदून विचारल्यावर त्यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले निघाले. काहींना तर जाड असणंच सुरक्षित वाटत होतं. मग फेलिट्टी आणि सीडीसी या अमेरिकन सरकारी आरोग्यसंस्थेचे रॉबर्ट आंडा यांनी १७ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली; तुमची प्रश्नावली त्यातूनच आलेली. १९९८ च्या पहिल्या निबंधात दिसलं की चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या ४ ते १२ पट होता. आणि ही माणसं विमा असलेली, बहुतेक कॉलेज पाहिलेली होती बरं का.

पण तो हिशोब हजारोंचा आहे, तुमचा एकटीचा नाही. एकेका माणसाला तपासायला हे गुण वापरू नका, असं खुद्द आंडांनीच २०२० मध्ये लिहिलंय. दोन महिने चाललेलं आणि दहा वर्षं चाललेलं, दोन्हीला गुण एकच. पाठीशी एखादी आजी किंवा मावशी होती का, हे कुठेच धरलेलं नाही. शिवाय प्रश्न बहुतेक घरातलेच. शाळेतली छडी, जातीवरून मागच्या बाकावर बसवणं, लहान वयात टाकलेलं वसतिगृह, यातलं काही त्या दहांत नाही.

आता निदान का बदलतं ते. वडील रात्री उशिरा यायचे. स्कूटर एका झटक्यात स्टँडवर चढली तर रात्र बरी जाणार. दोन-तीनदा घसरली तर नाही. मी आणि बहीण पांघरुणात ते मोजायचो. पस्तिशीत ऑफिसात साहेबांच्या केबिनचं दार आपटलं की मला घाम फुटायचा. घरी येऊन बायकोवर ओरडायचो आणि तासाभरात रडायचो. मी त्याला 'मूड स्विंग' म्हटलं, डॉक्टरांनी बायपोलर लिहिलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? ओपीडीत मिळायची सात मिनिटं, आणि लहानपणाबद्दल विचारल्यावर मीच म्हणालो, 'नॉर्मल, सगळ्यांसारखं.' आमच्या आळीत घरोघरी मार होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

पुढच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'हा चढ टिकतो किती वेळ?' मॅनिया, म्हणजे बायपोलरमधला चढ, कमीत कमी आठवडाभर चालतो, सौम्य प्रकारही सलग काही दिवस; झोप नसली तरी माणूस ताजातवाना. माझं सगळं तासांत आटपायचं, आणि दर वेळी आधी कुठला तरी आवाज किंवा कुणाचा तरी चढा सूर असायचा. तिथून माझ्या फाइलवरचं नाव बदललं. तुमचंही असंच असेल असं नाही हं. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि खडतर बालपण झालेल्यांत बायपोलरचं प्रमाणही जास्तच दिसतं. म्हणून लिथियम वगैरे बायपोलरचं औषध चालू असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका.

आणखी एक गोंधळ, डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या पुस्तकांचा. कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आहे; अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ मध्ये ते स्वतंत्र निदान नाही. त्यामुळे दोन चांगले डॉक्टर एकाच पेशंटवर दोन नावं लिहू शकतात. नेहमीच्या पीटीएसडीतलं जुनं पुन्हा समोर उभं राहणं, टाळाटाळ आणि सतत धोका वाटणं, यांच्यासोबत भावना आवरता न येणं, स्वतःची किंमत शून्य वाटणं आणि नाती न टिकणं असेल तर हे नाव येतं. तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य, 'कुणी प्रेमाने बोललं की भीती वाटते', ते पुढच्या वेळी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. गुण सांगण्यापेक्षा ते कामाचं आहे.

आई 'असं काही झालंच नाही' म्हणते, त्याचा निकाल लागायची वाट बघत उपचार थांबवू नका. त्यासाठी आईच्या कबुलीजबाबाची गरज नसते. महिनाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा: काय झालं, त्याआधी काय झालं होतं, किती वेळ टिकलं. मी किराण्याच्या यादीमागे लिहायचो. रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बहिणीला मागच्या दिवाळीत हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मी अजून लिफ्टचं दार मोजते.'