चार-पाच टेम्पोंना जीपीएस बसवताना

सुरुवात वायरिंगपासून करा, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. साध्या ट्रॅकरला तीन वायरी लागतात: लाल कायम चालू असलेल्या १२ व्होल्टवर, काळी बॉडीच्या अर्थिंगवर, तिसरी इग्निशनवर. लालला बॅटरीच्या बाजूने छोटा फ्यूज हवाच. इग्निशनची वायर मेकॅनिकने कायम करंटवर जोडली, तर गाडी रात्रभर उभी असूनही 'चालू' दिसते आणि ट्रॅकर झोपत नसल्याने बॅटरी उतरते. बसवल्यावर चावी तीनदा फिरवून ॲपवर चालू-बंद बदलतंय का, ते स्वतः पाहा.

ट्रॅकरचा डबा डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे. वर पत्रा आला की लोकेशन भरकटतं.

सिम घेताना यंत्र २जी आहे की ४जी, हे आधी विचारा. जिओचं सिम २जी यंत्रात चालतच नाही. घाटात रेंज गेली तरी चालेल, पण यंत्रात नोंदी साठवून नंतर पाठवायची सोय हवी. नाहीतर कसारा घाटाचा तुकडा नकाशावर सरळ रेषेत दिसेल आणि किलोमीटर कमी भरतील.

ॲपमध्ये गोदामाभोवती आखलेली हद्द, जी गाडीने ओलांडली की अलर्ट येतो, ती निदान १५० मीटर ठेवा. त्याहून लहान ठेवली की उभी गाडीही आत-बाहेर दाखवते, अलर्टचा पाऊस पडतो आणि आठवड्यात तुम्ही ते बघणंच सोडता.

दुरून इंजिन बंद करणारा रिले शक्यतो घेऊच नका. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, जीवावर बेततं.

आणि ड्रायव्हरांना आधी सांगा. लपवून बसवलेल्या यंत्राची वायर लवकरच तुटते.