स्ट्रोकनंतर वडिलांना अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरायला येणारी अडचण) झाला आहे. स्पीच थेरपीने ते पुन्हा गप्पा मारू शकतील का?

फरक पडतो, पण थेरपीत नेमकं काय करून घेतलं जातं यावर बरंच अवलंबून आहे. चित्र दाखवून 'हे काय?' विचारलं की त्या चित्रांचे शब्द सुधारतात, गप्पा आपोआप सुधारतीलच असं नाही. ब्रिटनमधल्या 'बिग कॅक्टस' अभ्यासात (2019, 278 रुग्ण) घरी कॉम्प्युटरवर सराव करणाऱ्यांना सरावातले शब्द जास्त आठवू लागले, संभाषणात मात्र फरक दिसला नाही.

याउलट 2017च्या एका जर्मन अभ्यासात 156 जण होते, सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिने उलटलेले. किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त थेरपी मिळाल्यावर रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. त्यामुळे 'आता उशीर झाला' असं कोणी म्हणालं तर आशा सोडू नका.

थेरपिस्टकडून घरच्यांनीही शिकून घ्या, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. टीव्ही बंद करा. 'चहा की कॉफी?' विचारताना दोन्ही शब्द कागदावर लिहून समोर धरा आणि थांबा. शब्द अडला की लगेच पुरवू नका. पाहुण्यांसमोर 'सांगा बघू, हे कोण?' अशी परीक्षा तर अजिबात घेऊ नका. त्यांना समज असते, फार लागतं ते मनाला.

वडिलांना कोणाशी, कशाबद्दल बोलायला आवडायचं, ते थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा आणि सराव त्याच विषयांवर मागून घ्या.