मल्याळम आधी पाहू नकोस

तू फोंड्याहून विचारलं आहेस, की 'दृश्यम'चा तिसरा भाग मल्याळममध्ये आधी हाती लागला तर पाहून टाकू का, हिंदीपर्यंत धीर निघत नाही. वाचून राहवलं नाही, कारण हीच घाई मी केली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मोहनलालचा मूळ मल्याळम दुसरा भाग थेट ओटीटीवर आला. रात्री एकट्यानेच मोबाइलवर, सबटायटल वाचत वाचत संपवला. चित्रपट जबरदस्तच. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच गोष्टीवरचा हिंदी दुसरा भाग लागला तेव्हा आईला घेऊन पणजीला गेलो. २०१५ चा पहिला भागही आम्ही दोघांनी मिळूनच पाहिला होता. शेवटची वीस मिनिटं आली, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आईने माझा हात घट्ट धरलेला, आणि मी नुसता वाट बघत होतो की आता हे होणार, मग ते होणार. बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "तुला आधीच ठाऊक होतं, होय ना?" मला खोटं बोलवलं नाही. ती गप्प झाली. डिचोलीला पोचेपर्यंत चित्रपटाबद्दल एक शब्द नाही. तो दिवस मला परत मिळायचा नाही. (शेवट मुद्दाम लिहीत नाही, ज्यांचा राहिलाय त्यांच्यासाठी.)

हे माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही. हिंदीवाल्यांनी साफ वेगळी गोष्ट रचली, तर माझा सल्ला बाद समज.

तिसऱ्याकडून काय हवं, तेही सांगतो. हिंदीतला नायक विजय साळगावकरने पुन्हा एक नवी चलाखी करून सुटावं, हे मला नको. चौथी नापास केबलवाला निव्वळ पाहिलेल्या सिनेमांच्या जोरावर पोलिसांना पुरून उरतो, ही गंमत पहिल्यात झाली, दुसऱ्यात तिचा कळस झाला. आता त्या घराने काय गमावलं ते दिसू दे. त्याच्या मुलीला, अंजूला, दुसऱ्या भागात जे भोगावं लागतं, त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे. आणि मुलगा गमावलेली पोलीस अधिकारी मीरा देशमुखही आईच आहे, तिला नुसती खलनायिका करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची. साळगावकर, त्यातला पोलीस गायतोंडे, ही आडनावं आपल्या शेजारपाजारची. दोन ऑक्टोबर, पणजीचा सत्संग, बस, हॉटेलातली पावभाजी, अशा साध्या गोष्टींवर दिग्दर्शक निशिकांत कामतांनी पहिला भाग उभा केला. ते २०२० मध्ये गेले, ती उणीव मला दुसऱ्यात जाणवली. काहींना नाही जाणवली, मान्य. तिसऱ्यात गोवा नुसता ड्रोनमधून दाखवू नये, एवढीच मागणी.

जाता जाता तिकिटाचं. आईबरोबर पणजीला गेलो त्या दिवशी आधी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं अ‍ॅपवर काढली होती. तो खेळ न कळवताच रद्द झाला. खिडकीवरचा म्हणाला अ‍ॅपवाल्यांना विचारा, अ‍ॅपवाले म्हणाले थिएटरला विचारा. पैसे आजतागायत आले नाहीत, संध्याकाळची तिकिटं पुन्हा विकत घ्यावी लागली. जमलं तर खिडकीवरूनच काढ, आणि निघण्याआधी फोन करून खेळ आहे ना ते विचार.

तिसऱ्याला मी आईलाच नेणार आहे. तोवर मल्याळम भागाबद्दल कुणी काही पाठवलं, तर उघडणारसुद्धा नाही.