मापाने घडवलेला बोर्ड आणि एफडी मोडायचा मोह

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, मूळचा येवल्याचा, सध्या नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. अंबडमधल्या एका कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर आहे. माझ्या हातात महिना ९२ हजार येतात, पत्नीच्या ३८ हजार. घराचा हप्ता ३१ हजार, एसआयपी १८ हजार, घरखर्च साधारण ६२ हजार. पाच वर्षांची मुलगी आहे. अडीअडचणीसाठी २ लाख ४० हजारांची एफडी ठेवली आहे. मी रामेश्वरमला काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीवर पाण्यावर बोर्ड चालवणं) शिकलो. सेकंडहँड ट्विन-टिप (दोन्ही टोकं सारखी असलेला) बोर्ड माझा आहे, दोन काईट मित्राबरोबर भागीत घेतलेत. वर्षातून एक आठवडा रामेश्वरम आणि दोन वीकेंड मोरजीला जातो. आता लाटांवर चालवायचा डिरेक्शनल (एकाच टोकाने पुढे जाणारा) सर्फबोर्ड माझ्या मापाने बनवून घ्यायचा आहे. वजन ९२ किलो, उंची सहा फूट एक इंच, त्यामुळे तयार बोर्ड मला टिकत नाहीत. युरोपातला शेपर (बोर्ड घडवणारा) १ लाख ५ हजार सांगतो, वर कुरिअरचे ४० हजार. आपल्याच देशातल्या किनाऱ्यावरचा एक कारागीर ६८ हजारांत करून देतो. बँक १४ टक्क्यांनी दीड लाखाचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे. कर्ज घेऊ की एफडी मोडू? सराव गंगापूर धरणावर करता येईल, म्हणजे बोर्ड पडून राहणार नाही. पत्नीचा विरोध नाही. ती एवढंच विचारते, ‘मोडला तर?’

उत्तर: कर्जही नको आणि एफडीही नको. बोर्ड घ्या, पण येत्या हंगामासाठी नाही, पुढच्या. आणि युरोपातून तर नकोच.

आधी एफडीचं बघू. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे महिन्याचे ९३ हजार अटळ आहेत. म्हणजे २ लाख ४० हजार ही जेमतेम अडीच महिन्यांची बेगमी झाली. दोघांचे पगार चालू आहेत म्हणून ती चालून जाते, तरी मी तुम्हाला ती पाच महिन्यांवर न्यायलाच सांगितलं असतं. त्यातून दीड लाख काढले तर उरतात ९० हजार, म्हणजे एक महिनासुद्धा धड नाही. शिवाय ज्या छंदासाठी ही ठेव मोडायची, त्याच छंदात खांदा निखळला किंवा गुडघा गेला आणि बिनपगारी रजा पडली, तर सगळ्यात आधी हीच ठेव लागणार आहे.

कर्जाचा हिशोब तर आणखी सरळ आहे. दीड लाख, १४ टक्के, २४ महिने, म्हणजे हप्ता सुमारे ७,२०० रुपये आणि एकूण व्याज २३ हजारांच्या घरात. तुमच्या आकड्यांप्रमाणे महिन्याला १९ हजार उरतात. सणवार, गाडीची सर्व्हिसिंग, शाळेची फी यांत त्यातले किती जातात ते तुम्हालाच ठाऊक, पण ७,२०० चा हप्ता झेपेल असं तुम्ही धरलंय, म्हणजे ७ हजार बाजूला टाकणंही झेपेल. हेच ७ हजार रिकरिंगला टाका. साडेसहा टक्क्यांनी वर्षाअखेर सुमारे ८७ हजार होतात. देशी कारागिराचे ६८ हजार, फिन (बोर्डाखाली बसवायची पाती), पायाखालचे पॅड आणि बॅग यांचे पंधराएक हजार धरा, तरी चार पैसे उरतात. एसआयपी मात्र थांबवू नका. ‘फक्त वर्षभर’ म्हणून थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू करणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत.

युरोपचा भाव तुम्ही १ लाख ४५ हजार धरलाय, तो अपुरा आहे. कार्डाने पैसे भरलेत तर बँक परकीय चलनावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर जीएसटी. ते किरकोळ. खरा दणका कस्टम्सचा. ड्युटी नुसत्या बोर्डाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). म्हणजे कुरिअरच्या ४० हजारांवरही तुम्ही कर भरणार. दर बजेटमध्ये बदलत राहतात, तेव्हा क्लिअरिंग एजंटकडून त्या दिवसाचा आकडा लेखी घ्यायचा. माझ्या अंदाजाने हे प्रकरण पावणेदोन लाखांच्या आसपास जाईल, वरही जाऊ शकेल.

कुरिअरचे ४० हजार हा आकडाही पक्का आहे का, विचारून घ्या. बोर्डाचं वजन चार-पाच किलो असलं तरी विमान कंपनी जागेचे पैसे घेते. पाच फूट दहा इंचांचा बोर्ड नीट गुंडाळून खोक्यात घातला की खोकं साधारण १९० बाय ६० बाय २० सेंटीमीटरचं होतं. कुरिअरवाले या गुणाकाराला ५ हजारांनी भागतात. उत्तर येतं ४५.६ किलो. चार किलोच्या वस्तूचं ४५ किलोचं भाडं! इतकं करून बोर्ड वाटेत चेपला तर तो परत पाठवायचं भाडंही तितकंच.

आता ज्यावर तुमच्या पत्रात एकही आकडा नाही ती गोष्ट. हा बोर्ड तुम्ही नेमका कुठल्या पाण्यावर चालवणार? रामेश्वरमची ख्याती उथळ, सपाट पाण्याची. तिथे तुमची ट्विन-टिपच राजा आहे, दोन्ही बाजूंना सारखी चालणारी आणि उड्या मारायला बरी. मोरजीला दुपारी वारा चढतो, पण तो बेताचा आणि लाटाही बेताच्याच. पश्चिम किनाऱ्यावर लाटा खऱ्या उसळतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हा मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदरातच असतात; आपण काईट घेऊन जायचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या लाटांसाठी बोर्ड घडवायचा, त्या तुमच्या सध्याच्या कॅलेंडरमध्ये जवळजवळ नाहीतच.

तरीही मी ‘घेऊच नका’ म्हणत नाही, कारण तुमच्या वजनाचा मुद्दा खरा आहे. पॅडल मारून लाट पकडणाऱ्याला बोर्ड किती लिटरचा (म्हणजे किती आकारमानाचा) हे फार जपावं लागतं. तुम्हाला काईट ओढतो, म्हणून बोर्ड लहान आणि कमी लिटरचा चालतो. पण वाऱ्याच्या ओढीविरुद्ध टाचा रोवल्या जातात, उडी मारून खाली आलं की सगळं वजन तिथेच आदळतं, आणि हलक्या बांधणीच्या तयार बोर्डावर टाचेखाली खड्डे पडतात. ९२ किलोंच्या माणसाने डेकवर (बोर्डाच्या वरच्या बाजूवर) जास्तीचं फायबरग्लास घालून बोर्ड बनवून घेतला तर त्यात चैन नाही, शहाणपणा आहे. शिवाय बेताच्या वाऱ्यात मोठ्या डिरेक्शनलवर जड माणूस लवकर उभा राहतो, हा मोरजीला उपयोगी पडणारा फायदा. तेव्हा कारागिराला मजबूत बांधणी सांगा. अर्धा किलो वजन वाढलं तर वाढू दे. कार्बन, रंगकाम, नावाचा लोगो यांवर एक रुपया घालू नका.

पण मापाचा बोर्ड घडवायचा तर माप माहीत हवं ना. शिंप्याकडे जाऊन ‘साधारण मोठा शर्ट शिवा’ म्हणत नाही आपण. तुम्ही आजवर किती वेगवेगळे डिरेक्शनल चालवलेत? पत्रावरून तरी एकही नाही असं दिसतं. म्हणून या वर्षीच्या सहलीत दोन-तीन दिवस डिरेक्शनल भाड्याने घ्या, जमल्यास दोन लांबींचे. दिशा बदलताना पाय बदलायला जमतं का, पायात पट्टे हवेत की मोकळे पाय बरे वाटतात, पुढे जास्त रुंदी हवी की मागे, हे कळलं की ऑर्डरचा फॉर्म तुम्ही भरा; कारागिराच्या अंदाजावर सोडू नका. भाड्याचे पाच-सहा हजार हा तुमचा सगळ्यात उपयोगी खर्च असेल. आणि तीन दिवसांनंतर ट्विन-टिपच बरी वाटली तर ८७ हजार जागच्या जागी आहेत.

दर दिवसाचा हिशोबही करून ठेवला आहे. तुमच्या अकरा दिवसांत दोन दिवस वारा दगा देणार असं धरलं तर उरतात नऊ. पावणेदोन लाखांचा बोर्ड पाच वर्षं टिकला तर पाण्यावरचा एकेक दिवस नुसत्या बोर्डापोटी सुमारे ३,९०० रुपयांना पडतो. देशी बोर्ड सामानासकट ८३ हजारांना धरला तर सुमारे १,८५० ला. प्रवास, काईटची डागडुजी वेगळी. विमानात सहा फुटी बॅग म्हणजे ओव्हरसाइज सामान, प्रत्येक फेरीला पैसे. गोव्याला नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने जात असाल तर ती बॅग डब्यात आडवी-तिडवी घालून सहप्रवाशांचे शाप घेण्यापेक्षा पार्सल ऑफिसात आधी विचारा. हौसेला मोल नसतं म्हणतात. भाडं मात्र असतं.

तुमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न तुमच्या सगळ्या आकडेमोडीहून नेमका आहे. मोडला तर काय? मापाने बनवलेल्या वस्तूला सेकंडहँड बाजार जवळपास नसतो. ९२ किलोंच्या सहाफुट्यासाठी घडवलेला बोर्ड घ्यायला दुसरा तसाच गडी लागेल. शेपरकडून तो ‘बदलून’ मिळणार नाही, आगाऊ रक्कमही परत मिळणार नाही, आणि त्यात शेपरची चूक नाही. पण बांधणीतच खोट निघाली तर देशी कारागिराविरुद्ध तुम्हाला वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते. युरोपातल्या माणसाविरुद्ध तुम्ही काय करणार? तक्रार करता यावी म्हणून देशी कारागिराकडून लांबी, रुंदी, जाडी, लिटर, कोर (आतला गाभा) कुठला, रेझिन कुठलं, डेकवर ग्लासचे किती थर, फिन-बॉक्स कुठल्या पद्धतीचे, तयार कधी, वाटेत तुटल्यास जबाबदार कोण, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं ‘हो दादा, करतो’ पुरेसं नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे तयार बोर्डाचे फोटो आणि मापं बघून.

दुरुस्तीबद्दल एक. सातपूरला फायबरच्या टाक्या बनवणारे एक जुने अशील आहेत, त्यांच्याकडून ऐकलं ते उपयोगी पडेल. आपल्या एमआयडीसीत फायबरचं काम बहुतेक पॉलिएस्टर रेझिनमध्ये चालतं. तुमच्या बोर्डाचा कोर ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा असेल, तर त्या रेझिनमधलं स्टायरिन फोम खाऊन टाकतं. ईपीएसला इपॉक्सीच लागतं. तेव्हा चीर पडली की ‘अंबडला नेतो, दोनशे रुपयांत होईल’ असं करू नका. चीर दिसली की आधी पाण्याबाहेर काढायचा, कारण ईपीएस पाणी पितो. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पत्र्याखालीही ठेवू नका. मेन्टेनन्सवाल्या माणसाला इतकं सांगणं पुरे.

आता विमा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीपुरताच असतो, म्हणून स्वतःची पॉलिसी असेल असं गृहीत धरतो. नसेल तर बोर्डाआधी ती. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत धाडसी खेळांचं कलम आहे, पण त्यात शब्द आहेत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास. हौशी माणसाला त्याचा एरवी त्रास होऊ नये. पण उद्या चार पोरांना पैसे घेऊन शिकवायला लागलात तर तुम्ही त्या कलमाच्या तोंडी जाता. वैयक्तिक अपघात विम्याचं तसं नाही. बऱ्याच पॉलिसींत धाडसी खेळ सरसकट वगळलेले असतात; तुमची काढून वाचा. टर्म इन्शुरन्स काईट शिकण्याआधी घेतला असेल तर चिंता नाही. पुढे कव्हर वाढवणार असाल, आणि पाच वर्षांची मुलगी व ३१ हजारांचा हप्ता बघता वाढवायला हवंच, तर प्रपोजल फॉर्ममध्ये छंदाच्या रकान्यात काईटसर्फिंग स्पष्ट लिहा. प्रीमियम थोडा चढेल, चढू द्या. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत काही झालं आणि हे लपवलेलं निघालं, तर विमा कायद्याच्या कलम ४५ खाली कंपनी क्लेम नाकारू शकते. एजंट म्हणेल, ‘लिहू नका साहेब, उगाच चौकशी लागते.’ लिहा.

राहिलं गंगापूर धरण. पतंगाची आसारी (मांजाची फिरकी) हातात घेऊन वाढलेल्या येवलेकराला मी वारा शिकवायला नको, पण डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर वारा झटक्याझटक्याने येतो आणि समुद्रासारखा एका दिशेने टिकत नाही. काईटला वीसेक मीटरच्या दोऱ्या असतात, काठावर उभारायला तेवढी मोकळी जागा हवी, विजेच्या तारा लांब हव्यात. पाणी शहराला पिण्यासाठी जातं, म्हणून जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही. आणि परवानगी मिळालीच, तरी तिथे लाट कुठे आहे? धरणासाठी तुमची जुनी ट्विन-टिप पुरेशी आहे, ती विकू नका. नव्या बोर्डाच्या दिवसांत धरणाचा एकही दिवस मी मोजलेला नाही, तुम्हीही मोजू नका.