तुझ्या गोळीनं झालेलं नाही, आणि प्लॉट विकू नका

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली तू नाव लिहिलं नाहीस, नुसतं ‘साडेतीन वर्षांच्या मुलाची आई, सांगली जिल्हा’ एवढंच आहे, तर मी तुला तूच म्हणते. पत्र दोनदा वाचलं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितला. सातव्या महिन्यात ताप आला होता म्हणून तू चार-पाच दिवस पॅरासिटामॉल घेतली होतीस, आणि ते ट्रम्पचं भाषण व्हॉट्सॲपवर फिरल्यापासून सासूबाई रोज ऐकवतात की तुझ्या गोळ्यांनीच पोराचं असं झालं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. मिस्टरांनी स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी अंगात सोडायचा उपचार, करायचं ठरवलंय, सहा लाख सांगितलेत, त्यासाठी गावाकडचा प्लॉट विकायचा आणि रविवारी माणूस विसार द्यायला येतोय. माझं चुकलं का आणि प्लॉट विकू द्यायचा का, असं तू विचारलंयस.

दोन्हीचं उत्तर आधीच देते, नाही.

आता गोळीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायकांना ही गोळी घेऊ नका म्हणून सांगितलं, ते खरंय, पण त्याच्या आधीच, २०२४ मध्ये, स्वीडनमधला एक फार मोठा अभ्यास येऊन गेला होता, जवळजवळ २५ लाख मुलांचा. त्यांनी आधी सरसकट बघितलं तर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम किंचित जास्त दिसला. मग त्यांनी सख्खी भावंडं शेजारी ठेवून बघितली, म्हणजे आई तीच, एका वेळी गोळी घेतली आणि दुसऱ्या वेळी नाही, आणि तो फरक गायबच झाला. म्हणजे फरक गोळीचा नव्हताच, घराघरातला होता, आईबापांकडून काय आलं, आईची तब्येत कशी होती वगैरे. आणि अगं, गरोदरपणात ताप अंगावर काढणं हेच धोक्याचं असतं, तू गोळी घेऊन ताप उतरवलास ते बरोबरच केलंस, हे मनापासून सांगते.

लसीचं तू विचारलं नाहीस पण लसीनं ऑटिझम होतो असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून सांगून ठेवते. ते सगळं १९९८ च्या एका पेपरवरून सुरू झालं, १२ मुलांचा पेपर, तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या वेकफिल्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन ब्रिटनमध्ये रद्द झालं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. बाळाच्या राहिलेल्या लसी देऊन टाक.

मग झालं कशानं? तर सगळ्यात मोठा वाटा जीन्सचा, म्हणजे जनुकांचा आहे. २०१९ मध्ये पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या अभ्यासात तो साधारण ८० टक्के निघाला. पण हे वाक्य घरात जपून बोल, कारण ऐकणाऱ्याला लगेच ‘म्हणजे हिच्या माहेरचं’ असं वाटतं आणि नवीन भांडण सुरू होतं. जीन्समधले काही बदल असे असतात की ते आईतही नसतात, बापातही नसतात, स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना नव्यानं घडतात, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात नाही’ हे सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं असू शकतं आणि तरी त्यात तुझा दोष शून्य. बाकीचं म्हणजे शेकडो छोटे छोटे बदल दोन्हीकडून थोडे थोडे येऊन जमतात, ते तुझ्यामाझ्यात सगळ्यांत आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेत पाच हजारांवर मुलांची माहिती एकत्र करून बघितली तर ऑटिझमचे चार वेगवेगळे गट दिसले आणि प्रत्येकाच्या मागचे जीन्सचे बदलही वेगळे. म्हणून तर शेजारच्या पोराला अमुकनं फरक पडला म्हणजे तुझ्याला पडेलच असं नसतं.

आणि आईवर खापर फोडायचं हे नवीन नाही गं. १९५०-६० च्या काळात अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर सांगायचे की आई थंड वागते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं, ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्दच होता त्याला. किती बायका त्या शब्दाखाली आयुष्यभर रडल्या असतील. १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास आला तेव्हा कुठं हे रक्तातूनच येतंय हे दिसायला लागलं. आता शब्द बदलला, गोळी म्हणा, मोबाईल म्हणा, नोकरी म्हणा, बोट मात्र आईकडेच. मला याचा खरंच संताप येतो.

स्टेम सेलबद्दल मिस्टरांना हे वाचायला दे. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीनं १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची (त्यात स्टेम सेल असतात) नीट ट्रायल, म्हणजे चाचणी, केली, काही मुलांना खरं रक्त, काहींना नुसतं दाखवायला खोटं, २०२० मध्ये निकाल आला, ज्या मुख्य गोष्टीसाठी ट्रायल केली त्यात दोन गटांत फरक नाही. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असल्या आजारांसाठी स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि जानेवारी २०२६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की ऑटिझमवर हे नेहमीचा उपचार म्हणून देता येणार नाही. अहोंनी तिथं दोनच प्रश्न विचारावेत, ट्रायल आहे का, असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा, नंबर द्या, आणि ट्रायल आहे तर आमच्याकडून पैसे कशाचे घेता. माझा अनुभव असा की दुसऱ्या प्रश्नाला पलीकडून उत्तर येत नाही. नवऱ्यावर चिडू नको मात्र, तो लेकरासाठी जमीन विकायला निघालाय, त्याला कुणीतरी चुकीचा रस्ता दाखवलाय एवढंच.

औषधांचं थोडक्यात. ऑटिझमच काढून टाकेल असं औषध आज नाही. ऑक्सिटोसिनच्या स्प्रेवर फार आशा होती, २०२१ मध्ये २९० मुलांच्या ट्रायलमध्ये उपयोग दिसला नाही. ल्युकोव्होरिन या औषधाची सध्या चर्चा आहे, मेंदूत फोलेट हे जीवनसत्त्व कमी पोचतं अशा काही मुलांसाठी, पण अभ्यास छोटे आहेत, दुकानातून आणून स्वतःच्या मनानं देऊ नको. खूप चिडचिड, स्वतःला मारून घेणं असलं असेल तर त्यावर गोळ्या आहेत, ते डॉक्टर ठरवतील.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था आहे, त्यांनी आणि रावळपिंडीतल्या लोकांनी मिळून ६५ मुलांवर एक ट्रायल केली, २०१६ मध्ये छापून आली. मोठे थेरपिस्ट नव्हते, शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आईचा आणि मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ काढायच्या आणि मग आईबरोबर बसून तोच बघायच्या, बघा इथं त्यानं तुमच्याकडे बघितलं, इथं तुम्ही थांबलात तर त्यानं हात पुढे केला. बस, एवढंच. आया मुलाच्या कलानं घ्यायला शिकल्या आणि मुलं स्वतःहून आईशी संवाद सुरू करायला लागली. मूळ पद्धत इंग्लंडची, तिथं १५२ मुलांवर झाली होती आणि सहाएक वर्षांनी बघितलं तरी थोडा फरक टिकलेला होता. मूल बदलून जातं असं कुणी म्हणत नाही, पण दोघांमधलं दार उघडतं.

तू लिहिलंयस की तो तासन् तास गाडीचं चाक फिरवतो आणि तू ते काढून घेऊन ‘हे काय? लाल की निळा? सांग ना’ विचारतेस, आणि तो लांब जातो. उद्या चाक काढून घेऊ नको. शेजारी जमिनीवर बस, दुसरी गाडी घे, तूही फिरव. प्रश्न विचारू नको, नुसतं म्हण ‘गरागरा... थांबलं.’ आणि मग गप्प बस, मनात दहा आकडे मोज, हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला गप्प बसवत नाही. तो डोळा वर करेल, नाहीतर तुझा हात ओढून चाकावर ठेवेल, तेच त्याचं बोलणं, त्यालाच उत्तर दे. फ्रीजकडे हात धरून नेतो म्हणालीस ना, ते पण बोलणंच आहे. मोबाईलनं ऑटिझम होत नाही, पण मोबाईल चालू असला की हा खेळ होत नाही, म्हणून तेवढ्यापुरता तो बाजूला.

कानांची तपासणी झाली नसेल तर आधी ती कर. सिव्हिलमध्ये लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणून विचार, तिथं थेरपीला पैसे लागत नाहीत. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात ऑटिझम आहे, तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, त्यावर ‘निरामय’ या सरकारी योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

रविवारच्या माणसाला आजच फोन करून नको म्हणून सांगा. आणि संध्याकाळी सासूबाईंना म्हण, आई, मी याच्याशी खेळते, तुम्ही दहा मिनिटं मोबाईलवर शूटिंग घ्या. रात्री दोघी मिळून बघा तो व्हिडिओ, त्यात तो कुठं कुठं तुमच्याकडे बघतो ते त्यांनाच शोधू दे.

तुझी,
ताई