हडळ, जखीण आणि चेटकीण यांना एका माळेत ओवू नका

प्रश्न असा आहे: "मालिकांमध्ये एकाच बाईला कधी हडळ म्हणतात, कधी चेटकीण. दोन्ही एकच का? आणि हडळ हा शब्द हाडावरून आला का?"

एकच नाहीत. रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. चेटकीण जिवंत बाई असते. चेटूक करते, पण भाकऱ्याही थापते, शेजारी राहते. हडळ व्हायला आधी मरावं लागतं, समजुतीप्रमाणे बाळंतपणात किंवा विटाळशी असताना. अळवंतीण तिचीच बहीण. आणि आपल्याकडे एवढी नावं असताना हिंदीतली 'चुडैल' कशाला आणता?

हाडाची व्युत्पत्ती मला पटत नाही. हडळ पाठमोरी झाली की नुसता सापळा दिसतो, ही गोष्ट नावावरून मागाहून रचलेली वाटते. कोकणात 'हेडळी' असंही रूप आहे. हाडातून तो 'हे' कसा निघाला, ते हाडवाल्यांनी आधी सांगावं.

खरा मोलाचा शब्द आहे भुतांतल्याच आणखी एकीचा: जखीण. संस्कृत यक्षिणी, प्राकृत जक्खिणी, मराठी जखीण. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसाच इथे 'य'चा 'ज'. म्हणजे मेघदूतातला यक्ष वर्षभर जिच्यासाठी झुरला, ती आणि आपल्या पिंपळावरची एकाच नावाच्या. पितळखोऱ्याच्या लेण्यांत यक्षाची मूर्ती सापडली, तिच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. इतक्या मानाच्या घराण्यातली लेक भुतांत कशी गेली? माझ्या मते ती पुरती गेलीच नाही. जाखाई होऊन देवळात बसली. तुकोबा जाखाई-जोखाईंची नावं घेऊन माझा पंढरीराव त्यांतला नव्हे असं बजावतात, म्हणजे तेव्हा लोक त्यांना भजत होतेच. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेलीचं भूत, असं कोकणात सांगतात. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, यायचा. जिची भीती तिचीच पूजा, हा यक्षांचाच जुना व्यवहार. केरळातही यक्षी आता रक्त पिणारी बाई झाली आहे, तेव्हा ही घसरण एकट्या मराठीची नाही.

आता 'जख्ख म्हातारा'. हा जख्ख म्हणजे तोच जक्ख, यक्षाचं प्राकृत रूप, असं माझं मत आहे. पुरलेल्या धनावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा देत बसलेला यक्ष, त्याहून म्हातारं कोण असणार? काही जाणकार हे उडवून लावतात. म्हणतात, प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत सुटं होतं, जक्खचं जाख व्हायला हवं. नियम बरोबर, लावला चुकीच्या जागी. जोर द्यायच्या शब्दात मराठी जोडाक्षर आवडीने ठेवते: लख्ख, गच्च, घट्ट. 'जाख म्हातारा' म्हणून पाहा, म्हातारपण निम्मं होतं. जख्खला जरठापासून, म्हणजे म्हाताऱ्यासाठीच्या संस्कृत शब्दापासून, आणणाऱ्यांनी त्यातला 'ख' कुठून आला ते दाखवावं. नुसता 'जर' जुळवून भागत नाही.

तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसलं की आजी ताईवर ओरडायची, "जखिणीसारखी काय बसलीस, वेणी घाल!" हडळीसारखी असं कधी म्हणाली नाही. सापळ्याला कुठले केस! लांब केसांची, देखणी, पण जवळ जायची भीती वाटावी अशी बाई तिला म्हणायची होती, आणि त्यासाठी नेमका शब्द तिच्या तोंडात होता.

तुमच्या मालिकेतल्या बाईचं काय, ते ती जिवंत आहे की मेलेली यावर ठरवा. जिवंत असेल तर चेटकीण. मेलेली असेल तर कशाने मेली ते आधी विचारा.